पॉइंट-अपग्रेडवरील विमान अधिभार

पॉइंट-अपग्रेडवरील विमान अधिभार म्हणजे विमान कंपनीच्या लॉयल्टी कार्यक्रमात साठवलेले पॉइंट किंवा माइल खर्च करून प्रवासी वरच्या वर्गाचे आसन घेतो, तेव्हा पॉइंटांखेरीज त्याच्याकडून रोखीने घेतली जाणारी व कंपनीने स्वतः ठरवलेली रक्कम होय. हा अधिभार सरकारी कर नसतो व विमानतळाचे शुल्कही नसतो. तो कंपनीच्याच उत्पन्नात जमा होतो. प्रारंभी तो ‘इंधन अधिभार’ या नावाने ओळखला जात असे. इ.स. २०१२ नंतर अनेक कंपन्यांनी त्यास ‘वाहक-आकारित अधिभार’ असे व्यापक नाव दिले.

‘पॉइंटांवर मोफत अपग्रेड’ या समजुतीने व्यवहार करणाऱ्या प्रवाशास प्रत्यक्षात बरीच मोठी रक्कम भरावी लागू शकते. त्यामुळे साठवलेल्या पॉइंटांचे खरे मोल किती, हा प्रश्न उपस्थित होतो. या अधिभाराच्या नावावरून, रकमेवरून व तो जाहीर करण्याच्या पद्धतीवरून अमेरिका, ब्रिटन व भारत या देशांत न्यायालयीन खटले, दंडाच्या कारवाया आणि नवे नियम झाले आहेत.

संज्ञा व तिकिटाची रचना

विमान तिकिटाची एकूण किंमत सामान्यतः चार घटकांची मिळून होते.

• मूळ भाडे : वर्ग, मार्ग, दिनांक व आसनांची उपलब्धता यांनुसार कंपनीने ठरवलेली रक्कम.
• वाहक-आकारित अधिभार : कंपनीनेच ठरवलेली, परंतु मूळ भाड्यापासून वेगळी दाखवलेली रक्कम.
• सरकारी कर : वस्तू व सेवा कर (जीएसटी), ब्रिटनमधील हवाई प्रवासी शुल्क इत्यादी.
• विमानतळाशी संबंधित शुल्क : प्रवासी सेवा शुल्क, वापरकर्ता विकास शुल्क (यूडीएफ), सुरक्षा शुल्क इत्यादी.

तिकिटाच्या तपशिलात अधिभार ‘वाय-क्यू’ आणि ‘वाय-आर’ या दोन सांकेतिक अक्षरजोड्यांनी दर्शवितात. पूर्वी पहिली जोडी मुख्यत्वे इंधनासाठी आणि दुसरी विमा, सुरक्षा व अन्य कारणांसाठी वापरली जाई. आज हा भेद सर्वत्र पाळला जात नाही. संगणकीय आरक्षण प्रणालीत या दोन्ही रकमा ‘कर, शुल्क व आकार’ या एकाच रकान्यात कर आणि विमानतळ शुल्कांच्या शेजारी येतात. त्यामुळे ती सर्व रक्कम सरकारजमा होत असावी, असा ग्रह होणे साहजिक असते. पॉइंटांवर काढलेल्या तिकिटात मूळ भाडे शून्य असते, पण या रकान्यातील सर्व रकमा कायम राहतात. अधिभाराविषयीच्या गैरसमजाचे मूळ या मांडणीतच आहे.

‘अपग्रेड’ या शब्दासाठी मराठीत ‘वर्गोन्नती’ असा पर्याय सुचवला जातो. व्यवहारात मात्र अपग्रेड हाच शब्द रूढ आहे. विमानातील वर्ग सामान्यतः इकॉनॉमी, प्रीमियम इकॉनॉमी, बिझनेस व फर्स्ट असे चार मानले जातात.

इतिहास

लॉयल्टी कार्यक्रमांचा उदय

अमेरिकेत इ.स. १९७८ च्या विमानसेवा विनियमन-मुक्ती कायद्याने भाडे व मार्ग यांवरील सरकारी नियंत्रण उठले. कंपन्यांमध्ये भाड्याची स्पर्धा सुरू झाली आणि वारंवार प्रवास करणारा ग्राहक टिकवून धरण्याची निकड भासू लागली. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी ‘एॲडव्हान्टेज’ हा कार्यक्रम सुरू केला व त्याच महिन्यात युनायटेड एअरलाइन्सने ‘माइलेज प्लस’ आणला. प्रवास केलेल्या अंतराच्या प्रमाणात माइल देणे आणि त्यांच्या बदल्यात तिकीट अथवा अपग्रेड देणे, असे या योजनांचे प्रारंभीचे स्वरूप होते. जर्मनीच्या लुफ्थान्साने १९९३ मध्ये ‘माइल्स अँड मोअर’ सुरू केला. भारतात एअर इंडियाचा ‘फ्लाइंग रिटर्न्स’ आणि जेट एअरवेजचा ‘जेटप्रिव्हिलेज’ हे कार्यक्रम दीर्घकाळ परिचित होते.

पुढे बँकांनी क्रेडिट कार्डाच्या खर्चावर देण्यासाठी विमान कंपन्यांकडून माइल विकत घेण्यास प्रारंभ केला. त्यामुळे विमानप्रवास क्वचितच करणारी व्यक्तीही पॉइंटांची धारक झाली. माइल विकणे हा कंपन्यांच्या उत्पन्नाचा स्वतंत्र व मोठा स्रोत बनला.

इंधन अधिभाराचा उदय

११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतील हल्ल्यानंतर विमान विम्याचे हप्ते वाढले व अनेक कंपन्यांनी विमा-सुरक्षा अधिभार लावला. त्यानंतर खनिज तेलाचे भाव चढू लागले आणि २००४ पासून प्रवासी वाहतुकीत इंधन अधिभाराची प्रथा जगभर पसरली. इंधन हा विमान कंपनीच्या खर्चातील सर्वांत मोठ्या घटकांपैकी एक असल्याने हे कारण ग्राहकांस सहज पटण्याजोगे होते. जुलै २००८ मध्ये खनिज तेलाचा भाव प्रतिपिंप सुमारे १४७ डॉलरपर्यंत गेला.

२०१४ च्या उत्तरार्धात तेलाचे भाव कोसळले, परंतु अनेक कंपन्यांचे अधिभार त्या प्रमाणात उतरले नाहीत. तोपर्यंत बऱ्याच ठिकाणी ‘इंधन’ हा शब्द गाळून ‘वाहक-आकारित अधिभार’ हे नाव स्वीकारले गेले होते. नाव बदलल्याने अधिभाराचा इंधनाच्या भावाशी असलेला दृश्य संबंध तुटला.

पॉइंट-अपग्रेडचे प्रकार

पॉइंट वापरून वरच्या वर्गात जाण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत.

पहिल्या पद्धतीत प्रवासी खालच्या वर्गाचे तिकीट रोखीने विकत घेतो आणि वर्गांतील फरकासाठी पॉइंट देतो. दुसऱ्या पद्धतीत तिकीटही पॉइंटांवर काढलेले असते व अधिक पॉइंट देऊन ते वरच्या वर्गात बदलून घेतले जाते. दोन्ही पद्धतींत वरच्या वर्गात पॉइंटांसाठी राखून ठेवलेले आसन शिल्लक असणे आवश्यक असते. विमानात आसन रिकामे असले तरी ते पॉइंटांसाठी उपलब्ध असतेच असे नाही.

स्टार अलायन्ससारख्या संघटनांत एका कंपनीचे माइल वापरून दुसऱ्या सदस्य कंपनीच्या उड्डाणावर अपग्रेड घेण्याची सोयही आहे. तीसाठी बहुधा महागड्या उपवर्गाचे तिकीट असावे लागते. रोख बोली लावून मिळवलेले अपग्रेड, विमानतळावर आयत्या वेळी विकले जाणारे अपग्रेड व आसनांच्या अडचणीमुळे कंपनीने स्वतःहून केलेली वर्गोन्नती हे प्रकार या लेखाच्या कक्षेबाहेरचे आहेत.

रोख रक्कम कोणकोणत्या कारणांनी वाढते

अपग्रेडच्या वेळी भराव्या लागणाऱ्या रोख रकमेत सरकारी व खाजगी असे दोन्ही भाग मिसळलेले असतात. त्यांची कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

वर्गानुसार अधिभारातील फरक

अनेक कंपन्या एकाच विमानात इकॉनॉमीसाठी कमी आणि बिझनेससाठी जास्त अधिभार लावतात. ब्रिटिश एअरवेजच्या योजनेत रोखीच्या तिकिटाचे अपग्रेड करताना प्रवाशास दोन वर्गांमधील एव्हिओसचा (म्हणजे त्या कंपनीच्या पॉइंटांचा) फरक द्यावा लागतो व त्याखेरीज कर, शुल्क व वाहक अधिभार यांतील फरकही रोखीने भरावा लागतो. याउलट जपानमधील जपान एअरलाइन्स व ऑल निप्पॉन एअरवेज यांचा इंधन अधिभार प्रवासाच्या टप्प्यानुसार ठरतो आणि वर्गानुसार बदलत नाही. त्यामुळे तेथे केवळ वर्ग बदलल्याने इंधन अधिभार वाढत नाही.

वर्गानुसार करांतील फरक

काही देशांचे प्रवासी करच वर्गानुसार भिन्न असतात. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर १९९४ पासून हवाई प्रवासी शुल्क आकारले जाते. विमानातील सर्वांत खालच्या वर्गास सवलतीचा दर आणि त्यावरील कोणत्याही वर्गास प्रमाणित दर लागू होतो. प्रीमियम इकॉनॉमीदेखील ‘वरचा वर्ग’ धरली जाते. १ एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षासाठी ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रवाशांचे दर असे होते :

• देशांतर्गत प्रवास : सवलतीचा दर ७ पौंड, प्रमाणित दर १४ पौंड.
• लंडनपासून २,००० मैलांपर्यंत : १३ पौंड व २८ पौंड.
• २,००१ ते ५,५०० मैल : ९० पौंड व २१६ पौंड.
• ५,५०० मैलांहून अधिक : ९४ पौंड व २२४ पौंड.

भारत यांतील तिसऱ्या गटात मोडतो. म्हणजेच या दरांनुसार लंडनहून मुंबईस येणाऱ्या प्रवाशाने इकॉनॉमीतून वरच्या कोणत्याही वर्गात अपग्रेड घेतल्यास कराचाच फरक १२६ पौंड होतो. सोळा वर्षांखालील मुलांना या शुल्कातून सूट आहे, परंतु ती केवळ सर्वांत खालच्या वर्गापुरती आहे. मुलास वरच्या वर्गात नेल्यास सूट संपते आणि पूर्ण प्रमाणित दर भरावा लागतो. हे शुल्क ब्रिटनमधून निघताना लागते, तेथे उतरताना लागत नाही. त्यामुळे मुंबईहून लंडनला जाताना केलेल्या अपग्रेडवर ते येत नाही, परतीच्या अपग्रेडवर मात्र येते. फ्रान्समध्ये २००६ पासून लागू असलेला एकात्मता करही वर्गानुसार भिन्न आहे.

भारतात विमानप्रवासावरील वस्तू व सेवा कर इकॉनॉमी वर्गास ५ टक्के आहे. अन्य वर्गांवरील दर पूर्वी १२ टक्के होता व २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. हा कर मूळ भाड्याबरोबर वाहक अधिभारावरही मोजला जातो. त्यामुळे अधिभार वाढला की त्यावरील करही वाढतो.

सहदेयक रक्कम

काही कंपन्या अधिभाराऐवजी अपग्रेडसाठी पॉइंटांसोबत ठराविक रोख रक्कम मागतात. अमेरिकन एअरलाइन्सच्या दीर्घकाळ प्रचलित असलेल्या तक्त्यानुसार अमेरिका-युरोप मार्गावर सवलतीच्या इकॉनॉमी तिकिटाचे एका दिशेचे अपग्रेड २५,००० माइल व ३५० डॉलर इतके होते. येथे रक्कम आधीच जाहीर असल्याने प्रवाशास हिशेब करणे सोपे जाते.

उपवर्गाची अट

एकाच इकॉनॉमी वर्गात भाड्याचे अनेक उपवर्ग असतात. त्यांपैकी सर्वांत स्वस्त उपवर्गांच्या तिकिटास बहुधा अपग्रेडची मुभा नसते. त्यामुळे अपग्रेड घ्यायचे असल्यास मुळातच महाग तिकीट विकत घ्यावे लागते. हा वाढीव खर्च कोठेही ‘अधिभार’ म्हणून दिसत नाही, तथापि अपग्रेडच्या किमतीचा तो खरा भाग असतो.

पॉइंटांचे मोल मोजण्याची रीत

अपग्रेडने प्रत्यक्ष किती लाभ झाला हे पाहण्यासाठी पुढील सूत्र वापरले जाते : वरच्या वर्गाच्या रोख तिकिटाची किंमत, वजा खालच्या वर्गाच्या तिकिटासाठी दिलेली किंमत, वजा अपग्रेडच्या वेळी भरलेली रोख रक्कम. येणाऱ्या उत्तरास खर्च केलेल्या पॉइंटांच्या संख्येने भागले असता एका पॉइंटाचे मोल मिळते.

केवळ उदाहरणादाखल काही काल्पनिक आकडे घेऊ. समजा, इकॉनॉमीचे तिकीट ६०,००० रुपयांस घेतले आणि त्याच उड्डाणाचे बिझनेस तिकीट १,६०,००० रुपयांस आहे. अपग्रेडला ५०,००० पॉइंट लागतात.

• रोख काहीच भरावे लागले नाही, तर लाभ १,००,००० रुपये व एका पॉइंटाचे मोल २ रुपये.
• अधिभार व करांचा फरक मिळून ४०,००० रुपये भरावे लागले, तर लाभ ६०,००० रुपये व एका पॉइंटाचे मोल १ रुपया २० पैसे.
• रोख रक्कम तीच राहून सवलतीच्या काळात बिझनेस तिकीटच १,१०,००० रुपयांस मिळत असेल, तर लाभ केवळ १०,००० रुपये व एका पॉइंटाचे मोल २० पैसे.

तिसऱ्या परिस्थितीत पॉइंट खर्च करण्यापेक्षा थेट तिकीट विकत घेणे अनेकदा श्रेयस्कर ठरते. रोखीच्या बिझनेस तिकिटावर नवे पॉइंटही मिळतात. अपग्रेड केलेल्या तिकिटावर मात्र बहुधा मूळ खरेदी केलेल्या वर्गाप्रमाणेच पॉइंट मिळतात. पॉइंटांच्या संख्येइतकीच रोख रकमेची चौकशी का आवश्यक असते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

अधिभार आकारण्यामागील आर्थिक कारणे

अधिभार मूळ भाड्यातच मिळवून टाकणे कंपनीस अशक्य नसते. तरीही तो वेगळा ठेवण्यामागे पुढील कारणे दिसून येतात.

पहिले कारण पॉइंटांचे आहे. पॉइंटांवरील तिकिटात मूळ भाडे माफ असते. भाड्याचा जितका भाग अधिभार म्हणून वेगळा काढला जाईल, तितका तो पॉइंटधारकाकडूनही वसूल करता येतो. पॉइंटांचा तक्ता न बदलता पॉइंटांचे मोल कमी करण्याचा हा मार्ग ठरतो.

दुसरे कारण कमिशन व सवलतींचे आहे. प्रवासी एजंटांचे कमिशन आणि मोठ्या कंपन्यांना दिलेल्या टक्केवारीच्या सवलती परंपरेने मूळ भाड्यावर मोजल्या जात. अधिभार त्या हिशेबाबाहेर राहिल्यास कंपनीचा खर्च वाचतो.

तिसरे कारण लवचीकतेचे आहे. शेकडो मार्गांवरील हजारो भाडी बदलण्यापेक्षा अधिभाराची एक रक्कम बदलणे सोपे असते.

चौथे कारण लेखाशास्त्रीय आहे. न वापरलेले पॉइंट हे कंपनीच्या ताळेबंदात देणे म्हणून दाखवावे लागतात. आंतरराष्ट्रीय लेखामानकांत यासाठी २००७ मध्ये स्वतंत्र अर्थनिर्णय प्रसिद्ध झाला व २०१८ पासून त्याची जागा महसूलविषयक नव्या मानकाने घेतली. भारतात १ एप्रिल २०१८ पासून ‘इंड एएस ११५’ हे समांतर मानक लागू झाले. पॉइंट वटवताना ग्राहक काही रोख रक्कम देत असेल, तर ते देणे फेडण्याचा कंपनीवरील भार हलका होतो.

निरनिराळ्या कंपन्यांची धोरणे

एखाद्या आसनावर किती अधिभार आहे हे विमान कंपनी ठरवते, परंतु तो पॉइंटधारकाकडून घ्यायचा की नाही हे पॉइंटांचा कार्यक्रम ठरवतो. त्यामुळे एकाच विमानातील एकाच आसनासाठी दोन कार्यक्रमांच्या सदस्यांना भिन्न रोख रक्कम पडू शकते. उदाहरणार्थ, लुफ्थान्साच्या उड्डाणाचे पॉइंट-तिकीट ‘माइल्स अँड मोअर’मधून काढल्यास अधिभार द्यावा लागतो, तर युनायटेडच्या ‘माइलेज प्लस’मधून काढल्यास तो लागत नाही.

सिंगापूर एअरलाइन्सने मार्च २०१७ मध्ये स्वतःच्या उड्डाणांवरील पॉइंट-तिकिटांचा इंधन अधिभार रद्द केला. मात्र त्याच वेळी संकेतस्थळावरून पॉइंट वटवणाऱ्यांना मिळणारी १५ टक्के पॉइंटांची सवलतही बंद केली. एअर कॅनडाने नोव्हेंबर २०२० मध्ये ‘एरोप्लॅन’ कार्यक्रमाची पुनर्रचना करताना पॉइंट-तिकिटांवरील वाहक अधिभार काढून टाकला आणि भागीदार कंपन्यांच्या तिकिटांसाठी ३९ कॅनेडियन डॉलरचे शुल्क ठेवले. ब्रिटिश एअरवेजने ‘रिवॉर्ड फ्लाइट सेव्हर’ या नावाखाली रोख रक्कम ठराविक ठेवून पॉइंट अधिक घेण्याचा पर्याय दिला. अधिभार कमी केला की पॉइंटांची मागणी वाढते, असा अनुभव या उदाहरणांतून येतो.

विविध देशांतील नियमन

जपान व हाँगकाँग

जपानमध्ये इंधन अधिभार प्रत्यक्ष इंधनाच्या भावाशी जोडलेला आहे. सिंगापूरच्या बाजारातील विमान-केरोसीनच्या सरासरी भावावरून कंपन्या दर दोन महिन्यांनी तो ठरवतात. कोणत्या भावास किती अधिभार, याचा तक्ता आधीच प्रसिद्ध केलेला असतो आणि भाव ठराविक पातळीखाली गेल्यास अधिभार शून्य होतो. हाँगकाँगमध्ये अधिभारास नागरी विमानवाहतूक विभागाची संमती लागत असे. फेब्रुवारी २०१६ पासून तेथे प्रवासी इंधन अधिभार थांबवण्यात आला व नोव्हेंबर २०१८ पासून तो ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना देण्यात आली.

अमेरिका

अमेरिकेच्या परिवहन विभागाने जानेवारी २०१२ पासून जाहिरातीत कर व अधिभारांसह पूर्ण किंमत दाखवणे बंधनकारक केले. फेब्रुवारी २०१२ च्या मार्गदर्शक सूचनेत विभागाने स्पष्ट केले, की ‘इंधन अधिभार’ हे नाव वापरायचे असेल तर ती रक्कम एका आधारपातळीवरील प्रत्यक्ष प्रतिप्रवासी इंधनखर्चाचा वाजवी अंदाज असली पाहिजे. यानंतर ‘वाहक-आकारित’ हे नाव अधिक रूढ झाले.

पॉइंटधारकांच्या हक्कांसंबंधी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल महत्त्वाचे मानले जातात. ‘अमेरिकन एअरलाइन्स विरुद्ध वोलेन्स’ (१९९५) या निकालानुसार कंपनीने स्वतः दिलेल्या कराराचा भंग झाल्यास सदस्य दाद मागू शकतो. राज्यांच्या ग्राहक-संरक्षण कायद्यांचा आधार मात्र त्यास घेता येत नाही. ‘नॉर्थवेस्ट विरुद्ध गिन्सबर्ग’ (२०१४) या निकालाने करारात न लिहिलेल्या ‘सद्भावने’च्या तत्त्वावर दाद मागण्याचा मार्गही बराच अरुंद केला. परिणामी, योजनेच्या नियमावलीत नेमके कोणते शब्द आहेत यास निर्णायक महत्त्व आले.

याच कारणाने ब्रिटिश एअरवेजच्या सदस्यांनी २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दाखल केलेला खटला कराराच्या शब्दांवर आधारलेला होता. पॉइंट-तिकिटांवर घेतल्या जाणाऱ्या ‘इंधन अधिभारा’चा इंधनाच्या भावांशी वाजवी संबंध नाही, असे सदस्यांचे म्हणणे होते. २०१८ मध्ये हा खटला तडजोडीने मिटला व सदस्यांना रोख रक्कम किंवा एव्हिओस यांपैकी निवड करण्याची मुभा मिळाली. ५ सप्टेंबर २०२४ रोजी परिवहन विभागाने अमेरिकन, डेल्टा, साउथवेस्ट व युनायटेड या चार कंपन्यांच्या लॉयल्टी कार्यक्रमांची चौकशी सुरू केली. पॉइंटांचे अवमूल्यन, अस्पष्ट किंमती व अतिरिक्त शुल्के हे तिचे विषय होते.

ब्रिटन व युरोपीय संघ

ऑगस्ट २००४ ते जानेवारी २००६ या काळात ब्रिटिश एअरवेज व व्हर्जिन अटलांटिक यांनी लांब पल्ल्याच्या इंधन अधिभाराबाबत परस्परांशी संगनमत केल्याचे उघडकीस आले. या अवधीत परतीच्या तिकिटावरील अधिभार ५ पौंडांवरून ६० पौंडांपर्यंत गेला होता. ऑगस्ट २००७ मध्ये ब्रिटिश एअरवेजला ब्रिटनमध्ये १२ कोटी १५ लाख पौंडांचा दंड जाहीर झाला. २०१२ मध्ये तो ५ कोटी ८५ लाख पौंडांवर आणण्यात आला. अमेरिकेतही त्या कंपनीस ३० कोटी डॉलरचा दंड झाला. माहिती स्वतःहून दिल्यामुळे व्हर्जिन अटलांटिकला दंडातून सूट मिळाली.

युरोपीय संघाच्या २००८ च्या विमानसेवा विनियमानुसार तिकिटाच्या अंतिम किमतीत सर्व अटळ व आधी ठाऊक असणारे कर, शुल्क आणि अधिभार समाविष्ट करून दाखवावे लागतात. भाडे, कर, विमानतळ शुल्क व अधिभार यांचा स्वतंत्र तपशील देणेही आवश्यक आहे.

भारतातील स्थिती

भारतात १९९४ मध्ये हवाई महामंडळ कायदा रद्द झाल्यापासून भाडे ठरवण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांकडे आहे. विमान इंधन वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर असल्याने देशांतर्गत उड्डाणांच्या इंधनावर राज्ये मूल्यवर्धित कर लावतात. महाराष्ट्राच्या मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात बृहन्मुंबई, पुणे व रायगड येथील विमान इंधनावरील हा कर २५ टक्क्यांवरून १८ टक्के करण्यात आला.

इंडिगोने ६ ऑक्टोबर २०२३ पासून अंतरानुसार ३०० ते १,००० रुपयांपर्यंतचा इंधन आकार लावला आणि इंधनाचे भाव उतरल्यावर ४ जानेवारी २०२४ पासून तो मागे घेतला. अधिभार त्याच्या नावातील कारणाप्रमाणे लावला व काढला जाण्याचे हे अलीकडचे उदाहरण होय. इंडिगोने पुढे २०२४ मध्ये ‘ब्लूचिप’ हा लॉयल्टी कार्यक्रम सुरू केला. एअर इंडियाच्या ‘फ्लाइंग रिटर्न्स’चे नाव ‘महाराजा क्लब’ असे झाले आणि १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा कंपनी एअर इंडियात विलीन झाल्यावर तिचे सदस्यही याच कार्यक्रमात आले.

मालवाहतुकीवरील इंधन अधिभार संगनमताने ठरवल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने मार्च २०१८ मध्ये जेट एअरवेज, इंडिगो व स्पाइसजेट यांना एकत्रितपणे सुमारे ५४ कोटी रुपयांचा दंड केला. हे प्रकरण प्रवासी तिकिटांचे नसले, तरी अधिभाराच्या पारदर्शकतेचा प्रश्न त्याने भारतात चर्चेत आणला.

परताव्याच्या दृष्टीने कर आणि अधिभार यांतील भेद महत्त्वाचा आहे. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) नियमांनुसार प्रवास न केल्यास अथवा तिकीट रद्द केल्यास सरकारी कर, वापरकर्ता विकास शुल्क व प्रवासी सेवा शुल्क परत करणे कंपनीवर बंधनकारक आहे. मूळ भाडे परत न मिळणारे असले, तरी हा नियम लागू होतो. रद्द करण्याचा आकार कोणत्याही परिस्थितीत मूळ भाडे व इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा अधिक असू शकत नाही. याचाच दुसरा अर्थ असा, की अधिभाराची रक्कम रद्द-आकारात संपूर्ण कापली जाऊ शकते. त्यामुळे ‘कर व शुल्क’ या रकान्यातील किती रक्कम परत मिळणार, हे त्यातील अधिभाराच्या प्रमाणावर अवलंबून असते.

केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या फसव्या रचनांविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत, किमतीचे घटक सुरुवातीस न सांगता व्यवहाराच्या ओघात एकेक करून उघड करणे ही अनुचित प्रथा मानली आहे. विमानप्रवासाविषयीच्या तक्रारींसाठी नागरी विमानवाहतूक मंत्रालयाची ‘एअरसेवा’ ही यंत्रणा २०१६ पासून उपलब्ध आहे.

टीका व समर्थन

टीकाकारांच्या मते पॉइंट मिळवताना ग्राहकास एक चित्र दाखवले जाते व ते वापरताना दुसरेच समोर येते. पॉइंट ही कंपनीच्या वचनावर साठवलेली पुंजी आहे. ती साठवण्यास वर्षे लागतात, तर अधिभार एका दिवसात वाढवता येतो. वयस्क आई-वडिलांना परदेशी मुलांकडे जाताना पाय पसरून झोपता यावे, म्हणून वर्षानुवर्षे पॉइंट जमवणाऱ्या कुटुंबास शेवटच्या टप्प्यावर मोठी रोख रक्कम दिसणे, हा या टीकेचा मानवी पैलू आहे. नियमावलीत ‘कर, शुल्क व आकार वेगळे’ असे शब्द असतात. ते कायदेशीर दृष्ट्या पुरेसे ठरले, तरी त्यांतून रकमेची कल्पना येत नाही, हाही आक्षेप घेतला जातो.

कंपन्यांच्या बाजूने असे सांगितले जाते, की बिझनेस वर्गातील एक आसन विमानातील अधिक जागा व्यापते, त्यामुळे त्याच्या वाट्यास अधिक इंधन येते. पॉइंट-प्रवाशास वाहून नेण्याचा खर्चही खराच असतो. अधिभार रद्द केला तर तोच खर्च अधिक पॉइंटांच्या रूपाने वसूल करावा लागेल, असाही युक्तिवाद केला जातो. सिंगापूर एअरलाइन्स व एअर कॅनडा यांच्या बदलांतून या युक्तिवादास काही प्रमाणात पुष्टी मिळते. मात्र पॉइंटांच्या रूपातील किंमत ग्राहकास प्रथमदर्शनी कळते व अधिभाराच्या रूपातील किंमत बहुधा अखेरीस कळते, हा भेद शिल्लक राहतो.

अपग्रेडपूर्वी पाहावयाच्या बाबी

• घ्यावयाचे तिकीट अपग्रेडयोग्य उपवर्गातील आहे काय.
• पॉइंटांखेरीज भरावयाची एकूण रोख रक्कम किती आणि त्यातील वाय-क्यू व वाय-आर यांचा वाटा किती.
• अपग्रेड कोणत्या दिशेच्या प्रवासाचे आहे. ब्रिटनसारख्या देशातून निघताना वर्गानुसार कर वाढतो.
• त्याच दिवशीच्या वरच्या वर्गाच्या रोख तिकिटाची किंमत किती.
• तोच प्रवास अधिभार न घेणाऱ्या अन्य कार्यक्रमाच्या पॉइंटांवर करता येतो काय.
• अपग्रेड रद्द केल्यास पॉइंट व रोख रक्कम परत मिळण्याचे नियम काय आहेत.

क्रेडिट कार्डाचे पॉइंट विमान कंपनीकडे एकदा वळवले, की ते बहुधा परत घेता येत नाहीत. त्यामुळे वरील चौकशी पॉइंट वळवण्यापूर्वीच करणे आवश्यक ठरते.

हेही पाहा

• लॉयल्टी कार्यक्रम
• विमान इंधन
• वस्तू व सेवा कर (भारत)
• नागरी विमानवाहतूक महासंचालनालय
• भारतीय स्पर्धा आयोग
• ग्राहक संरक्षण कायदा, २०१९